आत्यांच्या कानात काय वाजत होतं

आत्यांचा सूर चुकला नव्हता. चूक माझी होती.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या अल्बमच्या वेळी हे झालं त्या पोरांना नाही, आणि खुद्द आत्यांना तर नाहीच. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा." मी हो म्हणालो. लिहायला बसलो तर पहिलं हेच कागदावर आलं. गमतीही आहेत, त्या मध्ये मध्ये येतील. पण त्या वाचताना वरच्या दोन ओळी विसरू नका, कारण मला त्या विसरता येत नाहीत.

नेरूळला माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हटलं की लोकांना भलतंच काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात सोसायटीच्या तळमजल्यावरचा एक गाळा आहे, मधे जाड काच घालून त्याच्या दोन खोल्या केल्यात. एकीत मी आणि मशीन, दुसरीत माइक आणि गाणारा. बरोबर डोक्यावर गणिताचा क्लास. क्लास सुटला की सगळी पोरं एकदम बाकं सरकवतात आणि माझ्याकडे गडगडाट होतो. ती वेळ मला पाठ झाली आहे. त्या वेळेला मी गाणाऱ्याला चहा पाजतो.

गिऱ्हाइकं म्हणाल तर भजनी मंडळं, निवडणुकीला उभे राहणाऱ्यांची प्रचारगीतं, निवृत्तीनंतर गाण्याची हौस भागवणारे डॉक्टर. मसाला मार्केटमधले एक व्यापारी मुलीच्या लग्नात लावायला स्वतःच्या आवाजात गाणं करून घ्यायला यायचे. त्यांच्या सदऱ्यातून मिरचीचा असा खकाणा उठायचा की माइक नीट करायला मी जवळ गेलो की मलाच शिंका. त्यांचं एक कडवं माझ्या शिंकांपायी तीनदा घ्यावं लागलं.

या धंद्याचं मर्म एकाच वाक्यात आहे: "सुंदर झालं, फक्त सेफ्टीसाठी एक अजून घेऊ." हे वाक्य आम्ही तेव्हा म्हणतो जेव्हा समोरचा ठार बेसूर गायलेला असतो. त्याचा मान राहतो, आपलं काम होतं. मी आयुष्यभर शेकडो बेसुऱ्या माणसांना हे वाक्य ऐकवलं. एकाच बाईला ऐकवलं नाही. तिला मी तोंडावर 'खरं' सांगितलं, आणि ते खरं नव्हतं.

आता त्या अल्बमकडे येतो.

बँडचं नाव 'मिठागर'. सिम्फनिक मेटल. म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी मेटल. फाटक्या आवाजाच्या गिटारी, आणि दोन्ही पायांनी शिलाई मशीन चालवावं तसा ड्रम. त्यावर सिम्फनिक, म्हणजे वर व्हायोलिनचा ताफा, तुताऱ्या, नगारे, शेपन्नास माणसांचं समूहगान. आणि या सगळ्याच्या डोक्यावर एक मुलगी उंच पट्टीत गाणार, एक मुलगा घशातून गुरगुरणार. लग्नाचं वऱ्हाड आणि पोलिसांचा लाठीमार एकाच चौकात, असं समजा. 

यातलं एकही व्हायोलिन खरं नव्हतं. सगळा ताफा सिद्धेशच्या लॅपटॉपमध्ये. हा सिद्धेश बँडचा संगीतकार, दिवसा महापेच्या आयटी कंपनीत नोकरी. समूहगानाची ती शेपन्नास माणसं म्हणजे हीच सहा पोरं, माझ्या बिल्डिंगच्या जिन्यात उभी करून पुन्हा पुन्हा गाऊन घेतलेली. जिन्यात आवाज छान घुमतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या आणि म्हणाल्या, "कोण गेलं हो?"

हेही चाललं असतं. पण अल्बम होता बहुभाषिक. सिद्धेशची कल्पना अशी की नवी मुंबई म्हणजे खाडीकाठी येऊन बसलेल्या भाषा, तेव्हा दर गाणं वेगळ्या भाषेत. तमिळ, मल्याळम, बंगाली, मराठी, संस्कृत, आणि शेवटचं, सगळ्यात मोठं गाणं आगरीत. कल्पना ऐकायला गोड आहे. ती काचेच्या अलीकडे बसून ऐका, मग सांगा.

गुरगुरणारा बिजू. त्याचं मल्याळम गाणं त्याच्या आईने लिहिलेलं, आई निवृत्त नर्स. एक कडवं त्याने असं काही गुरगुरलं की काच थरथरली. मी खूश. तो बाहेर आला, "काका, एक अक्षर गलत गया. फिरसे."

मी म्हटलं, "अरे बिजू, तू मल्याळम गातोयस की तुला दाढदुखी झालीय हेसुद्धा कुणाला कळणार नाही. अक्षर कोण बघतंय?"

"मेरी मम्मी को समझेगा."

झालं. मम्मीला समजेल म्हणून पूर्ण दुपार तेच कडवं. त्या वेळी मी वैतागलो, पण मनात म्हटलं, पोरगं गुणी आहे, आईच्या शब्दाला जपतं. हे मुद्दाम लिहितोय. बिजूच्या आईसाठी मी एक दुपार दिली होती.

मीनाक्षी ही गायिका. घर तमिळ, जन्म नेरूळचा, मराठी माझ्यापेक्षा चांगलं. ती शहाणी मुलगी, पण तिला दर वेळी गाऊन झाल्यावर वाटायचं की आधीचं बरं होतं. गिटारवाले दोघे भाऊ, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की ते बोलायचे नाहीत, फक्त आवाज वाढवायचे. आणि सिद्धेश रोज सकाळी मेल पाठवायचा: 'काका, छोटासा बदल.' त्याचा छोटासा बदल म्हणजे कुणाच्या घरी जाऊन 'भिंत जरा डावीकडे सरकवा' म्हणण्यासारखा. एका गाण्यात दीडशेच्या वर वेगवेगळ्या आवाजांच्या पट्ट्या, एक हलवली की बाकी सगळ्या नाराज. त्या महिन्यांत माझं डोकं कायम तापलेलं असायचं. हे कारण म्हणून सांगत नाही. परिस्थिती सांगतोय.

आगरी गाण्याचं घोडं अडलं ते ड्रमर प्रथमेशमुळे. तो आगरी. म्हणाला, "काका, आमच्यात लग्न लावताना धवलारीण लागते. माझी सख्खी आत्या धवलारीण आहे. शेवटच्या गाण्यात आत्याचा धवला पाहिजे. त्याच्याशिवाय अल्बम नाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आगरी लग्नात मांडव पडल्यापासून प्रत्येक विधीला गाणं असतं, ते धवले. ते गाणारी बाई ती धवलारीण. ती एक ओळ गाते, मागच्या बाया ती ओळ झेलतात, मग ती पुढची टाकते. देवांना, पूर्वजांना लग्नाला बोलावते ती तीच. वाद्य नाही, काही नाही. ती लावील ती पट्टी, ती चालेल तो ताल. गावात तिच्या शब्दाला मान असतो.

आत्या पहिल्यांदा आल्या त्या स्टुडिओत. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. लहानपणी खऱ्या मिठागरात कामाला होत्या, म्हणून बँडचं नाव ऐकून त्यांना हसू यायचं. काचेपलीकडची खोली त्यांनी दारातूनच पाहिली. भिंतींना फोम, खिडकी नाही.

"ये कपाटान मना कोंडतंस कं रं?" त्या प्रथमेशला म्हणाल्या.

"आत्या, कपाट नाय, बूथ बोलतात."

"बूथ बोल नाय त काय बोल. लगीन कपाटान लागतं कं?"

चहा घेतला, माझ्या बायकोची चौकशी केली आणि गेल्या. तेव्हा ठरलं, आपणच जायचं. उरणच्या बाजूला त्यांचं गाव.

मी प्रवासी सरंजाम घेतला, सोबत मीनाक्षीला घेतलं. लॅपटॉप, एक छोटं मशीन, माइक, आणि एकच चांगला हेडफोन. गाणाऱ्याच्या कानात हेडफोनमधून मागचं संगीत सोडायचं असतं, म्हणजे तो त्यावर गातो आणि माइकमध्ये फक्त त्याचा आवाज येतो. सिद्धेशने त्यासाठी एक साधी फाइल दिली होती: एक लांबवर धरलेला सूर आणि तालाची टकटक.

आत्यांच्या घरी पोहोचलो तर ओटीवर पाच-सहा बाया तयार, नटूनथटून. मागं झेलणाऱ्या. मी म्हटलं, "नाही नाही, फक्त आत्या. क्लीन पाहिजे."

आत्या म्हणाल्या, "मागं झेलाला कोन नाय, त मी टाकू कोनाला?"

"आत्या, नंतर मीनाक्षी झेलेल. मशीनमध्ये."

त्यांनी मीनाक्षीकडे पाहिलं, तिने मान डोलावली. बायांना मी अंगणात बसवलं आणि सांगितलं, आवाज करायचा नाही. स्वतःच्या गावात, स्वतःच्या गाण्याला, त्या बाया तोंडावर पदर धरून बसल्या.

मग सुरू झाली माझी लढाई. कोंबडा. शेजारचा मिक्सर. बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर आणि त्यांचे हॉर्न. हेडफोन आत्यांच्या अंबाड्यावरून घसरे, वर घेतला की गजऱ्यात अडके, खाली घेतला की कानावरून सुटे. मीनाक्षीने पिना लावून कसाबसा बसवला. तेवढ्यात मिक्सर पुन्हा. मी उठून शेजारी गेलो, हात जोडले, परत आलो.

आता इथे आमच्या धंद्यातला एक नियम सांगतो. गाणाऱ्याला हेडफोन देण्याआधी तो स्वतःच्या कानाला लावून बघायचा, त्याच्या कानात काय जाणार आहे ते. चालकाने गाडी काढण्याआधी ब्रेक दाबून बघावा तसं. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी सांगितलंय.

त्या दिवशी हेडफोन आत्यांच्या डोक्यावर पिनांनी बसवलेला होता. काढला तर पुन्हा अर्धा तास. मी नाही काढला. माझ्या कानात होता तो साधा इयरफोन, आणि त्यात मी फक्त माइक ऐकत होतो, कोंबडा आला की थांबवायला.

"काय ते टकटक," आत्या म्हणाल्या. "सुतार बसलाय कं कानान?"

"आत्या, त्याच्याबरोबर चालायचं. तुमची चाल सोडा. कानात जे ऐकू येतंय, सूर आणि ताल, तेच धरायचं. इकडे तिकडे जायचं नाही. कळलं ना?"

हे मी त्यांना निदान दहा वेळा सांगितलं. शेवटी जरा वैतागूनच. आयुष्यात त्यांना असं कुणी सांगितलं नसेल, त्या सांगायच्या आणि बाकीच्या धरायच्या. पण त्यांनी डोळे मिटले, एक हात कानावर ठेवला आणि म्हणाल्या, "बरं मास्तर. मशीन बोलंल तसा."

आणि तशाच गायल्या. पूर्ण धवला, न थांबता. कोंबडा मध्ये ओरडला नाही. अंगणातल्या बायांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी घड्याळ बघत होतो.

पुढच्या आठवड्यात आत्या ऐकायला स्टुडिओत आल्या. सोबत मागं झेलणाऱ्यांतल्या दोघी. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी डब्यात भरून आणलेली, सगळ्या पोरांसाठी. बँड पूर्ण हजर. प्रथमेशने आत्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं.

मी आत्यांचा आवाज आदल्या दिवशीच गाण्यात टाकला होता, पण ऐकायला वेळ झाला नव्हता. सिद्धेशच्या मेलने दिवस खाल्ला होता. तिथे, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा लावला.

ऐकवेना. मागे व्हायोलिनचा ताफा एका पट्टीत, आत्या वेगळ्याच. धड एक पट्टी वरही नाही, मधेच कुठेतरी लटकलेल्या. आणि ताल सोडून पुढे पळतायत, दोन ओळींत संगीत मागे पडलं. गिटारवाल्या भावांनीसुद्धा एकमेकांकडे पाहिलं.

मीनाक्षी हळूच म्हणाली, "आवाज काय सुंदर आहे आत्यांचा. काका, सेफ्टीसाठी एक अजून घेऊया का?"

माझंच वाक्य. तिने ते माझ्याकडूनच उचललं होतं. आणि नेमका तेव्हा वरचा क्लास सुटला, बाकं गडगडली, प्रथमेश म्हणाला, "काका, परत गावाला जावं लागेल," आणि मला डोळ्यांसमोर तो कोंबडा, तो मिक्सर, त्या पिना दिसल्या.

मी म्हणालो, "सेफ्टीबिफ्टी काही नाही. परत जाऊन तेच होणार. आत्या, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. तुमचा सूर गेलाय. चढा लागतोय, आणि तुम्ही ताल सोडून पळताय. वय झालं की होतं असं. गाणाऱ्याला स्वतःला कळत नाही."



आत्या म्हणाल्या, "गेलाय?"

मी हो म्हणून मान हलवली.

मग त्या माझ्याकडे नाही, सोबतच्या दोघींकडे वळल्या. "कं गो? तुमाला ठाव होता?"

त्या दोघी खाली बघायला लागल्या. त्यांना काय ठाऊक असणार होतं? मशीनवाला माणूस सांगतोय आणि स्पीकरमधून समोर ऐकू येतंय. पण त्यांनी खाली पाहिलं आणि आत्यांना वाटलं, यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं, इतकी लग्नं, सगळ्यांना ठाऊक होतं आणि मान राखायला कुणी बोललं नाही.

"बोलाचा त होता एकीनं तरी," आत्या म्हणाल्या. डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, आणि पोरांना म्हणाल्या, "खावा. गार व्हईल."

पुढचं काम मी मशीनवर केलं. आमच्याकडे सूर सरळ करायचं एक सॉफ्टवेअर असतं. एकेक स्वर चिमट्याने उचलून ओळीत बसवायचा. मी आत्यांचे स्वर तसे बसवले. बसले, पण त्यांतला जीव गेला, प्लॅस्टिकच्या फुलासारखे झाले. मग त्यावर मीनाक्षीकडून तोच धवला गाऊन घेतला आणि आत्यांचा आवाज खाली दाबला, धुरासारखा. अल्बम आला. त्या जगात बरं नाव झालं. 'मेटलमध्ये धवला वाजवणारा माणूस' म्हणून मला फोन यायला लागले. प्रथमेश कुठेही भेटला की इतरांना सांगायचा, "काकांचे कान म्हणजे काय! आमच्या आत्याचं गाणं यांनी वाचवलं."

मला कधी कळलं, ते आता.

बँडला एका कार्यक्रमासाठी तेच गाणं नव्याने बांधायचं होतं. त्यासाठी मी गावच्या रेकॉर्डिंगचा जुना लॅपटॉप काढला. दुपारची वेळ, स्टुडिओत मी एकटा. फोल्डर उघडला आणि आकडा दिसला.

आकडा म्हणजे काय, ते सोपं करून सांगतो. मशीन आवाजाचे बारीक बारीक काप करून साठवतं. सेकंदाला किती काप, हे आधी ठरवावं लागतं. आमच्या अल्बमचा आकडा लहान होता, व्हिडिओवाल्यांचा आकडा त्याहून मोठा असतो. गावाला जायच्या आदल्या दिवशी मी एका लग्नाच्या व्हिडिओचं काम केलं होतं आणि छोट्या मशीनवर त्यांचाच आकडा राहून गेला होता. लहान आकड्याने कापलेलं मोठ्या आकड्याने वाचलं की जुन्या टेपची पट्टी जरा जोरात फिरल्यासारखं होतं. गाणं घाईने पळतं आणि सूर वर चढतो.

म्हणजे सिद्धेशची ती फाइल आत्यांच्या कानात पळत होती. सूर चढलेला, टकटक घाईची. आत्यांचा आवाज मात्र त्या गायल्या तसाच साठवला गेला होता, म्हणून स्टुडिओत मूळ वेगाच्या संगीताशी तो जुळेना. तो हेडफोन एकदा माझ्या कानाला लावला असता तर पहिल्या क्षणी कळलं असतं. इतकंच नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर जे ऐकलं, तेही डोकं थंड ठेवून ऐकलं असतं तरी कळलं असतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारख्याच अंतराने चढलेला सूर माणसाचा नसतो, मशीनचा असतो. हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं.

मी ती फाइल आत्यांना जशी ऐकू गेली असेल तशीच, त्या चुकीच्या वेगाने लावली आणि वर आत्यांचा आवाज सोडला, न चिमटलेला.

डब्याला झाकण बसावं तसा बसला. एकेक स्वर जागेवर. टकटकीवर बोट ठेवावं तसा ताल. मी 'इकडे तिकडे जायचं नाही' म्हणालो होतो, त्या कुठेच गेल्या नव्हत्या. जन्मभर कुणाच्या तालावर न चाललेली बाई माझ्या सांगण्यावरून कानातल्या सुताराच्या मागे मागे पूर्ण धवला चालली होती, आणि त्याबद्दल मी तिला सांगितलं होतं की तुझा सूर गेला.

पूर्ण ऐकलं. मग बंद केलं. प्रथमेशला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. म्हटलं, प्रत्यक्ष भेटून सांगू. असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात, वगैरे. न सांगणाऱ्याला कारणं पुष्कळ सुचतात.

प्रत्यक्ष भेट लवकरच झाली. प्रथमेशचं लग्न ठरलं. हळदीला मी गेलो. आगरी हळद म्हणजे काय ते नवी मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. मांडव, लायटिंग, डीजे, जेवणावळ. मी मनात ठरवूनच गेलो होतो, आज आत्यांना बाजूला घ्यायचं.

आत्या मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. नवं लुगडं, अबोलीचा गजरा. सख्ख्या भाच्याची हळद आणि धवलारीण खुर्चीवर. मला वाटलं, अजून वेळ असेल. प्रथमेश जवळ आला.

"आत्या गात नाय आता, काका. कुणाच्याच लग्नात नाय. माझ्यात तरी गा म्हणून सगळ्यांनी पाया पडून झालं. बोलते, शुभ कामाला चुकलेला सूर नको. चुलतवहिनीला शिकवत होती, ते पण बंद केलं. चुकीचा शिकवून काय करू, बोलते."

तेवढ्यात विधीची वेळ झाली आणि डीजेवाल्याने आमच्या अल्बममधलं गाणं लावलं. ते शेवटचं. सिद्धेशच्या लॅपटॉपमधली व्हायोलिनं, भावांच्या गिटारी, मीनाक्षीचा आवाज, तळाशी धूर. हळद लावायला आलेल्या बाया हात हातात धरून उभ्या, कारण झेलायला मध्ये जागाच सोडलेली नव्हती. मीच नव्हती सोडली.

एक बाई आत्यांना म्हणाली, "आत्या, यान तुमचाच आवाज हाय ना?"

"हाय थोरा. पन माजा चुकला होता," आत्या म्हणाल्या, आणि गर्दीत मला शोधून माझ्याकडे बोट केलं. "ये मास्तरांनी नीट केला. बसा ना मास्तर, जेवला नाय अजून? गो, मास्तरांना वाढ."

तोंडात शब्द होते. आत्या, जरा इकडे या, एवढेच म्हणायचे होते. मी पानावर बसलो. आत्या स्वतः उभ्या राहून आग्रह करत होत्या, "आजून एक भाकर घ्या, लाजू नको." मी घेतली. जेवलो. प्रथमेशला हळद लावली. घरी आलो. बायकोने विचारलं, कशी झाली हळद? म्हटलं, मस्त.

त्यानंतर गावाच्या दिशेने दोनदा निघालो. एकदा उरण फाट्यावरून परत फिरलो. दुसऱ्यांदा आत्यांच्या अंगणापर्यंत गेलो, तर त्या आतून म्हणाल्या, "कोन, मास्तर? ये ये," आणि मी म्हणालो की इकडून चाललो होतो, सहज डोकावलो. चहा झाला. मिक्सरवाल्या शेजारीणबाई भेटायला आल्या. त्यांना मी लक्षात होतो.

मला भीती कसली आहे, ते आता लिहून टाकतो. आत्या रागावतील याची नाही. रागावल्या तर बरंच. 'काकांचे कान' हे जे चार लोक म्हणतात, ते जाईल याची. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी एका बाईला तिचा सूर परत दिलेला नाही.

हे छापून आल्यावर माझ्या ओळखीचे पाचपन्नास लोक वाचतील, कुणी फोन करून म्हणेल, मोठ्या मनाने लिहिलंत. नका करू. आत्या दिवाळी अंक वाचत नाहीत, त्यामुळे या लिहिण्याने काहीही फिटलेलं नाही.

मी देणं लागतो ते असं: आत्यांच्या ओटीवर, खाली बघणाऱ्या त्या दोघी समोर असताना, हेडफोन न लावता, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांच्या कानातलं ते पळणारं संगीत आणि वर त्यांचा आवाज लावायचा. आणि त्या दिवशी स्टुडिओत बोललो होतो तेवढ्याच मोठ्याने म्हणायचं, "आत्या, तुमचा सूर बरोबर होता. चुकीचं मी वाजवलं."

ते मी अजून दिलेलं नाही.